चालण्याचं शिक्षण

ताईचा मुलगा अमेरिकेत वणवे विझवण्याचं शिक्षण घेतोय. मी पडलो बी.कॉम.; आधी परीक्षेची चौकशी केली. पाठीवर 45 पौंड, म्हणजे वीसेक किलो, घेऊन 3 मैल 45 मिनिटांत चालायचं. धावलात की नापास! (या एका अटीवर आमची अख्खी शाखा उत्तीर्ण होईल.) हातात पाण्याच्या नळीपेक्षा पुलास्कीच जास्त, एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे कुदळ. पट्टा खरवडून आगीचं खाणंच तोडायचं. वसुलीखात्यातल्या माणसाला हे पटलं.

"आणि मामा, आग अंगावर आलीच, तर चकचकीत पन्नीच्या तंबूत शिरून पालथं पडायचं. त्याचाही सराव असतो. आईला सांगू नकोस."

रात्री ताईचा फोन. "काय रे शिकतो तो तिथे?"

"चालायला," म्हटलं.