मध्येच थांबणारे यंत्र

व्यापाऱ्याच्या घरात तेरीज जुळली नाही, म्हणून कोणी वही फेकून देत नाही. फरक कोणत्या नोंदीपासून पडला, ते मागे जाऊन शोधतात. भांडी धुण्याचे यंत्र अर्ध्यावर थांबले, की मात्र घरोघरी एकच निवाडा होतो : यंत्र निकामी. आणि ज्या सुनेने ते आणण्याचा आग्रह धरला, तिच्या हौसेपायी पैसे गेले, हे त्याच निवाड्याचे शेपूट. मागील वर्षी मे महिन्यात आमच्या सेलूच्या घरी बोलणे या टप्प्याला आले होते.

वास्तविक यंत्र घेतले ते हौसेसाठी नव्हे, सुनेच्या हातावरील इसबासाठी. घरात नऊ माणसे, जेवणे सूर्यास्तापूर्वी, आणि खरकटी भांडी ४८ मिनिटांहून अधिक पडू द्यायची नाहीत हा सौभाग्यवतींचा नियम. यंत्र थांबले, की सून भांडी बाहेर काढून हाताने घासायला बसे. इसब पुन्हा चिघळे. दुरुस्ती करणारा दोनदा येऊन गेला, एक सुटा भाग बदलून पैसे घेऊन गेला. चार दिवसांत पुन्हा तेच.

तेव्हा तिने एक वही घातली. यंत्र कधी थांबले, सुरू झाल्यावर किती मिनिटांनी, तळाशी पाणी होते का, त्या वेळी घरात आणखी काय चालू होते. बारा दिवसांनी ती माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बाबा, सकाळी एकदाही थांबलेले नाही. संध्याकाळीच थांबते, पहिल्या दहा मिनिटांत, आणि तेव्हा कूलर भरणे चालू असते." बँकेत जन्मभर इतरांच्या वह्या तपासल्या, इतकी नेटकी नोंद क्वचितच पाहिली.

ठरावीक वेळेत पुरेसे पाणी आत आले नाही, तर यंत्र थांबते. पुष्कळ यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. टाकीतील पाणी १० मीटर उंच असेल, तेव्हा दाब सुमारे १ बार भरतो. म्हणजे निदान ३ ते ५ मीटर उंची हवी. आमची टाकी यंत्राच्या नळापासून जेमतेम ४ मीटर वर, आणि त्याच नळावर वैदर्भीय उन्हाळ्यातले दोन कूलर! शिवाय नळीच्या तोंडाची बारीक जाळी बोअरच्या गाळाने भरलेली. जाळी धुतली, कूलर सकाळी भरू लागलो. पुढे यंत्रासाठी टाकीपासून स्वतंत्र नळ घेतला.

यंत्र कोठे थांबते, यातच बहुधा कारण सापडते. शेवटी थांबून तळाशी पाणी उरले, तर निचऱ्याकडे पाहावे : गाळणीत अडकलेली लिंबाची बी, लवंग, किंवा मागे मुडपलेली नळी. वीज काढूनच हात घालावा. नुसताच निचऱ्याचा पंप चालू राहत असेल, तर तळाच्या तबकात पाणी गेले आहे असे समजावे. साध्या भांड्यांच्या साबणाचा फेस हे त्याचे एक कारण. मिनिटांचा आकडा मध्येच गोठला, तर घाई करू नये. पाणी तापण्याची ती वाट असू शकते. तापतच नसेल, तर मात्र जाणकार बोलवावा.

हे यंत्र व्यवहारात प्रथम यशस्वी करून दाखवले ते एका गृहिणीनेच, हे आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हते. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन यांना १८८६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले. हे ऐकल्यावर सौभाग्यवतींचा यंत्राकडे पाहण्याचा रोख थोडा मऊ झाला.

राहिला आपल्या काळ्या खडकातील बोअरचा क्षार. त्याची पुटे तापकावर बसतात, म्हणून यंत्राच्या कप्प्यात त्याचे खास जाड मीठ घालावे लागते. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ चालत नाही. आमच्याकडे ते केव्हा घातले, याची नोंद त्याच वहीत आहे. थांबण्याचा रकाना जूनपासून कोरा आहे.