हलगीच्या शेजारी

विटा हे तमाशाच्या फडांचे गाव. कवलापूरच्या काळू-बाळूंचा खेळ पाहिलेल्या आमच्या पिढीला ढोलकीचे वेड लागले नसते तरच नवल! मॅट्रिक झालो त्या वर्षी गावजत्रेतल्या हौशी खेळात ढोलकी माझ्याकडे होती अन् हलगी तात्यांकडे. मॅट्रिक झाल्यापासून ते मला थट्टेने ‘मास्तर’ म्हणत.

हलगी काठीने वाजते, ढोलकी बोटांनी. दवाने सैल झालेले हलगीचे कातडे जाळावर शेकले की तिचा कडकडाट साऱ्या माळावर जातो. त्यापुढे माझी शाई कोण ऐकणार? या धास्तीने मी ढोलकी नुसती बडवू लागलो. तोच तात्यांनी हलगी एकदम खाली घेतली. वाटले, जिंकलो! पण त्यांची नजर माझ्या हातावर होती. बोट फुटले होते.

खेळ संपल्यावर ते हळूच म्हणाले, “मास्तर, मी ठोका देतो, तुमी मधली जागा भरा. दोघंबी वरडाय लागलो, तर ऐकायचं कुनी?”

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी मंडळींची पंगत बसली. तात्यांचे पान मात्र अंगणात वाढले होते. मी पाहिले आणि मान खाली घालून जेवलो.

आता वर्गात एखादे पोर अडखळले, की मी गप्प राहून त्याला जागा देतो. तात्या मात्र राहिले नाहीत. पंगतीतली त्यांची जागा माझ्याकडून द्यायची राहिली, ती राहिलीच.