दाढेतला तुकडा आणि विम्याचे कागद



न्यू जर्सीत आम्हां उभयतांचे बिऱ्हाड आता जुने झाले. आमच्यापैकी एकजण दातांच्या दवाखान्यात बिलाच्या टेबलावर बसते, दुसरा निवृत्त आहे. त्यामुळे आपल्या मंडळींचे विम्याचे न समजलेले लखोटे आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडतात. त्यांतला एक लखोटा मामींचा.

गेल्या डिसेंबरात मलिद्यातल्या खजुराची बी मामींच्या दाताखाली आली आणि डाव्या खालच्या दाढेत मुंबईला भरलेली जुनी चांदी अर्धी निघून आली. दाढेची टोके शाबूत होती, म्हणून डॉक्टरांनी 'इनले' सुचवला. म्हणजे पोकळीच्या मापाचा, दाताच्याच रंगाचा पोर्सेलिनचा तुकडा बाहेर घडवायचा आणि आत चिकटवायचा. खर्च नऊशे डॉलर. मूळ मेडिकेअर नेहमीच्या दंतोपचाराला पैसे देत नाही, पण मामींनी दातांचा वेगळा विमा घेतला होता. त्या निश्चिंत होत्या.

महिन्याने उत्तर आले: माहिती अपुरी, पैसे नामंजूर.

आम्ही अर्जाची प्रत मागवली. अमेरिकेत दाताच्या प्रत्येक कामाला ठरलेला क्रमांक असतो. पोर्सेलिनचा इनले दाताच्या एका बाजूवर असेल तर डी २६१०, दोन बाजूंवर डी २६२०, तीन किंवा अधिक बाजूंवर डी २६३०. रेझिनचा असेल तर डी २६५० ते डी २६५२. दाढेचे टोक झाकले गेले की तो 'ऑनले' होतो आणि क्रमांकही वेगळे. मामींचा डी २६२० बरोबर होता. दाढेचा नंबर १९ हाही बरोबर. (अश्दोदची भाची फोनवर "आमच्याकडे ती ३६ नंबरची" म्हणून हटून बसली. तीही खरीच. तिकडची मोजणी निराळी.)

चुकले होते ते पुराव्यात. दवाखान्याने फक्त "मोठी कीड" असे दोन शब्द लिहून पाठवले होते. विमा कंपनीतला तपासनीस मामींच्या तोंडात डोकावणार नाही, त्याला कागदच दिसतो. म्हणून कामापूर्वीचा एक्सरे, जुनी चांदी काढल्यावरचा फोटो आणि डॉक्टरांचे पत्र, असे सगळे पुन्हा पाठवायला लावले. पत्रात पोकळी किती रुंद, कोणती भिंत गेली, साधे भरण का टिकणार नाही, जुने भरण केव्हाचे, हे सारे आले. जुन्या कामाची तारीख महत्त्वाची, कारण पुष्कळ पॉलिसींत तेच काम काही वर्षांच्या आत पुन्हा केल्यास पैसे मिळत नाहीत.

याच सुमारास एका जाणत्या गृहस्थांनी मामींना सल्ला दिला, "तुकडा जानेवारीत बसवला असे लिहून घ्या. वर्षाची नवी मर्यादा मिळेल." जुन्या वर्षाच्या हजार डॉलरांपैकी तीनशेच उरले होते, त्यामुळे मामींना मोह पडला. आम्ही स्पष्ट नकार दिला. तुकडा बसला डिसेंबरात, तर तारीखही डिसेंबरचीच. खोट्या तारखेखाली सही डॉक्टरांची जाते आणि नाव मामींचे.

दुसरे उत्तर आले. काम मंजूर, रक्कम एकशेदहा डॉलर. पॉलिसीतल्या एका कलमाप्रमाणे कंपनी स्वस्त पर्यायाचे, म्हणजे चांदी भरण्याचे, पैसे धरते. तारीख बदलूनही यात एका डॉलरची भर पडली नसती. त्या कलमापुढे आमचा फोटो आणि पत्र दोन्ही थकले. असे कलम फार पॉलिसींत असते आणि ते दाढ कोरण्यापूर्वी विचारायचे असते. दवाखान्याला आधीच अंदाजपत्रक मागवता येते. ते म्हणजे पैशाची हमी नव्हे, पण हे कलम त्यात दिसते. मामींना ते कोणी मागवून दिले नव्हते.

उरलेले सातशे नव्वद डॉलर मामींनी भाचीच्या मुलाच्या लग्नाला जाण्यासाठी बाजूला ठेवले होते. दवाखान्याशी बोलून आम्ही त्यांचे सहा हप्ते करून घेतले. मामी तिकीट काढून आल्या आहेत, आणि आहेराचे काय ते आमच्याशी अजून ठरते आहे.