जू सोडून बघ

२०१३ च्या मार्चात आमच्या जीपच्या स्टिअरिंगमधून आवाज यायला लागला. सरळ रस्त्यानं गाडी गुमान चालायची. वळण आलं, स्टिअरिंग फिरवलं, की खालून खरर्र, जात्यात खडा आल्यावाणी. ते दळणं तळहाताला पण कळायचं. एरवी मी लक्ष दिलं नसतं. जुनी डिझेल जीप, तिचं काही ना काही वाजायचंच. पण त्या साली ती जीप बंद पडणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

अंबड तालुक्यातलं आमचं गाव. २०१२ चा पावसाळा असून नसल्यासारखा गेला. दिवाळीला विहिरीनं तळ दाखवला. आमची मोसंबीची २४० झाडं, बारा वर्षांची, लेकरावाणी वाढवलेली. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "बहात्तरला खायाला दाणा नव्हता, पण हिरीला पाणी होतं. आवंदा दाणा हाय अन् पाणी न्हाई." चार किलोमीटरवर माझ्या मेहुण्याच्या विहिरीला थोडा झरा होता. जीपच्या मागच्या सीटा काढल्या आणि २०० लिटरचे चार ड्रम ठेवले. दिवसाला तीन खेपा, म्हणजे २४०० लिटर. आज निम्मा बाग, उद्या निम्मा. झाडाला २० लिटर, ते पण दिवसाआड. एवढ्यानं मोसंबी फळ देत नाही, नुसती मरत नाही.

ही जीप मी २००९ साली बैलजोडी विकून घेतली होती. वर थोडे उसने. दादा तेव्हा पंच्याहत्तरीला आले होते. ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. बैल दावणीतून सुटले त्या दिवशी ते मळ्यातच बसून राहिले आणि पुढं चार वर्षं त्या जीपमध्ये बसले नाहीत. डोळ्याच्या दवाखान्यात जालन्याला जायचं तरी फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहायचे. जीप दारात उभी असायची.

आवाज वाढला तसा मी जालन्याला गेलो. अंबड चौफुलीकडं एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रीनं उभ्या गाडीत स्टिअरिंग इकडून तिकडं फिरवायला लावलं, खाली हात घालून स्टिअरिंग बॉक्स चाचपला आणि म्हणाला, "काका, बॉक्स गेला. आत दळतोय. नवा टाका. साडेसात हजार, मजुरी वेगळी. जुना भंगारात जाईल." जालन्यात भंगाराला मरण नाही. जुनं लोखंड वितळवून सळया करणारे कारखाने शहरालगतच आहेत. माझ्याकडं होते ९ हजार, आणि ते मृगापर्यंतच्या डिझेलचे होते. दोन दिवसांनी येतो म्हणून मी गाडी तशीच परत आणली.

रात्री बाजेवर पडलो होतो. दादांनी अंधारातूनच विचारलं, "कवा वाजती?"

चार वर्षांत जीपबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला शब्द.

"वळताना, दादा."

"भरल्यावर जास्ती का रिकामी असल्यावर?"

"भरल्यावर."

"मंग आखाकडलं हाय ते."

"मिस्त्री म्हणतो बॉक्स गेला."

"त्यानं जू सोडून बघितलं का?"

मला काही उमजेना. मग त्यांनी सांगितलं. बैलगाडी ओढायला जड जायला लागली, की बैलात खोट आहे का गाडीत, हे जुंपलेल्या गाडीवरनं कळत नाही. जू सोडायचं, बैल बाजूला बांधायचा आणि गाडी हातानं ढकलायची. हलकी गेली तर दुखणं बैलाचं. जड गेली तर आख बघायचा, वंगण बघायचं. "तुपल्या गाडीला जू न्हाई का?" त्यांनी विचारलं.

होतं की. स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडं जाणारा दांडा आणि दोन्ही चाकांना एकमेकाशी बांधणारा आडवा रॉड.

सकाळी मी आणि धाकट्या पोरानं जॅक लावला, आखाखाली लाकडाचे ठोकळे दिले. स्प्लिट पिना काढल्या, नट सोडले. बॉल जॉइंट निघेना, तेव्हा आर्मच्या कडेला हातोड्याचे दोन घाव दिले, की टक्कन सुटला. आता बॉक्स वेगळा, डावं चाक वेगळं, उजवं वेगळं. स्टिअरिंग फिरवलं. तूप लावल्यावाणी फिरलं, चकार आवाज नाही. डावं चाक हातानं वळवलं, ते पण गुमान. उजवं धरलं आणि खरर्र. अर्ध्यात अडकलंच.

दादा वाकून आले. काठीचं टोक त्यांनी चाकामागच्या लोखंडाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि पोराला म्हणाले, "वळव." दोनदा ऐकलं. "हितं कोरडं हाय."

पुढच्या आखाच्या टोकाला एक उभी पिन असते, किंगपिन. चाक वळतं ते तिच्याभोवती. त्या बाजूचा सगळा भार खाली एका चपट्या बेअरिंगवर बसलेला असतो आणि त्याला ग्रीस जायला एक निपल असतं. मी महिन्याला ग्रीस मारत होतो. निदान माझी तशी समजूत होती. त्या दिवशी ग्रीस गन लावून नीट बघितलं, तर ग्रीस आत जायचं सोडून निपलच्या कडेनं बाहेर येत होतं. निपल काढलं तर भोकात काळी माती, सिमेंटवाणी घट्ट. मेहुण्याच्या विहिरीवर ड्रम भरताना रोज पाणी सांडायचं, चिखल व्हायचा आणि उजवं चाक रोज त्याच चिखलात उभं. माझंच काम ते.

पिन काढायला सगळा दिवस गेला. डिझेल ओतून ठेवलं, ठोकलं, परत ओतलं. दुपारनंतर निघाली. बेअरिंग उघडलं तर मिरचीच्या भुकटीवाणी लाल गंज आणि चपटलेल्या गोळ्या. नवीन बेअरिंग, बुश आणि निपल जालन्याहून एसटीनं जाऊन आणलं, ६४० रुपयांत.

मिस्त्रीला मी लबाड म्हणणार नाही. लोखंडातून आवाज कुठल्या कुठं पोचतो. त्याच्या हाताला बॉक्स थरथरताना लागला असेलच. पण नवा बॉक्स टाकून मी तसाच निघालो असतो, आणि नाल्याच्या पुलावर ८०० लिटर हिंदकळतं पाणी मागं असताना चाक अर्ध्यात अडकलं असतं, तर? माझ्याशेजारी बहुतेक वेळा पोरगा बसलेला असायचा.

या सगळ्यात दोन दिवस झाडांना पाणी गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे ड्रम भरायला निघालो, तर दादा धोतर सावरत जीपपाशी उभे. "मळ्यात सोड मला." पायरीवर पाय ठेवायला त्यांना जमेना, मी खाली उतरून हात दिला. पुढच्या सीटवर बसले. काठी दोन्ही पायांच्या मधी फळीला टेकवलेली, मूठ गालाला. नाल्याच्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि त्यांच्याकडं बघितलं. ते समोर बघत होते.

बांधाजवळ उतरले आणि ओळीनं वाळलेली झाडं मोजायला लागले. माझ्या हिशोबानं ६१ गेली होती. त्यांची ६५ भरली. मी म्हणालो, "दादा, चार जास्ती झाली." त्यांनी मला त्या चार झाडांपाशी नेलं. वर थोडा हिरवा पाला होता. खोडाला त्यांनी नख मारलं, साल ओरखडून दाखवली. चारही झाडं आतून तपकिरी होती.

त्या दिवसापासून त्या चार झाडांचं ८० लिटर पाणी शेजारच्या झाडांना घालायला लागलो.