फळ्यावरची चूक

गणितासारख्या रुक्ष विषयावर मासिकाचीं दोन पानें अडविण्याचें धाडस आम्ही करीत आहों, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. गणित हा कांहीं आमचा व्यवसाय नव्हे. परंतु अकरावींत असतांना या विषयांत आम्हीं एक नसता उद्योग केला होता, आणि त्यांतली एक चूक अजूनहि आमच्या मनांतून गेलेली नाहीं. चूक गुरुजींची होती. शरमेनें मान मात्र आमची खालीं गेली.

गोष्ट २००९ सालची. आम्ही तेव्हां वाईस राहत होतों. अकरावीच्या पुस्तकांत निश्चयकांचें प्रकरण लागलें. समीकरणांतले अंक चौकटींत मांडावे, तिरपे गुणावे, वजाबाकी करावी, एकास दुसऱ्यानें भागावें, कीं उत्तर हजर! क्रेमरची ही रीत चार दिवसांत आम्हांला हातचा मळ झाली. पण ती कां चालते, हें कांहीं केल्या उमगेना. शिकवणीच्या वर्गांत आम्हीं तसें विचारलें, तेव्हां "हें परीक्षेला येत नाहीं" असें उत्तर मिळालें. उत्तर अगदीं खरें होतें. ऐंशी मुलांना ठराविक महिन्यांत प्रवेश-परीक्षेच्या पैलतीरास नेणाऱ्या माणसानें दुसरें काय सांगावें? आम्हांला त्यांचा राग तेव्हां आला होता, आज येत नाहीं.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें आपल्या अभ्यासक्रमांचें साहित्य इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य देण्याचें २००१ सालीं जाहीर केलें होतें. त्या भांडारांत प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांचीं रेषीय बीजगणितावरचीं व्याख्यानें आम्हांला सांपडलीं. १९९९ सालीं प्रत्यक्ष वर्गांतच तीं चित्रित केलेलीं होतीं. एकंदर चौतीस व्याख्यानें. जोडीला उदाहरणसंग्रह, त्यांचीं उत्तरें आणि परीक्षेचे कागदहि. फी नाहीं, प्रवेश-अर्ज नाहीं, वयाची अट नाहीं. पदवीच्या वर्गाचें गणित शिकण्यास वाईच्या एका अकरावीच्या पोरास कोणाचीच आडकाठी नव्हती.

पहिल्याच व्याख्यानानें आम्हांला वेड लावलें. फळ्यावर दोन साधीं समीकरणें होतीं: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. अशीं समीकरणें शाळेंत आम्हीं शेकड्यांनीं सोडविलीं होतीं. दोन रेषा काढाव्या, त्या (१, २) या बिंदूंत छेदतात, संपलें. स्ट्रँग यांनीं तेवढें करून घेतलें, आणि मग तेच अंक आडवे न वाचतां उभे वाचले. (२, −१) हा एक बाण, (−१, २) हा दुसरा. पहिले किती व दुसरे किती घेतले असतां (०, ३) या ठिकाणीं पोहोंचूं? पहिला एक, दुसरे दोन. उत्तर तेंच, पण प्रश्न सर्वस्वी निराळा! रोज ज्या घरावरून शाळेंत जावें, त्या घराला मागच्या बाजूनें नदीवर उतरणारा घाट आहे असें एके दिवशीं अचानक कळावें, तसें आम्हांला झालें.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, एका पतपेढींत हिशेबाचें काम पाहत असत. टेलिफोनच्या योजनेंत रात्रीं दोन ते सकाळीं आठ या वेळांत डाउनलोड केलेल्या गोष्टींचे निराळे पैसे पडत नसत. तेव्हां अण्णा घड्याळाला गजर लावून दोन वाजतां उठत, संगणक सुरू करीत, आणि एक व्याख्यान उतरेपर्यंत तासदीडतास खुर्चींत पेंगत बसत. मध्येंच वीज गेली, आणि त्या दिवसांत ती वरचेवर जाई, तर पुनः पहिल्यापासून आरंभ. सकाळीं ते विचारीत, "कालचें पाहिलेंस? कितवें झालें?" आम्ही आंकडा सांगत असूं, आणि तो ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहून ठेवीत. व्याख्यानांत काय आहे, हें त्यांनीं कधींहि विचारलें नाहीं.

आंकडे भराभर चढत होते. आम्ही बशींत चुरमुरे घेऊन बसत असूं. गुरुजी खडूनें लिहीत, आम्ही मान डोलावीत असूं. कोठें अडलें तर बटण दाबून त्यांना थांबवावें, मागें न्यावें, तेंच पुनः वदवून घ्यावें. असा आज्ञाधारक गुरु कोणास मिळाला असेल? वर्गांतला शिक्षक मुलांचीं गोंधळलेलीं तोंडें पाहून थांबतो. आमचे गुरुजी आमच्या बोटानें थांबत. आमचें तोंड त्यांना दिसत नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर हीच गोष्ट आम्हांला फार सुखाची होती. उदाहरणसंग्रह आम्ही उघडीत असूं, प्रश्न वाचीत असूं, आणि लगेच उत्तर पाहून "आम्हींहि हेंच केलें असतें" असें म्हणून मिटवीत असूं. अण्णांना मात्र उदाहरणेंहि झालीं म्हणून सांगत होतों.

नवव्या व्याख्यानांत त्रिमितीय अवकाशाचा 'आधार' कशास म्हणावें, याचा विचार आहे. परस्परांवर अवलंबून नसलेले तीन सदिश हवेत, असा त्याचा थोडक्यांत अर्थ. स्ट्रँग यांनीं उदाहरणादाखल तीन स्तंभ मांडले: (१, १, २), (२, २, ५) आणि (३, ३, ८). आम्हीं ते वहींत उतरून घेतले, भोंवतीं चौकट आंखली, आणि चौकटीबाहेर लाल शाईनें 'समजलें' असें लिहिलें.

दहाव्या व्याख्यानाच्या आरंभींच गुरुजींनीं सांगितलें कीं, मागच्या वेळीं आपलें उदाहरण चुकलें. त्या तिन्ही स्तंभांत पहिले दोन अंक सारखेच आहेत. म्हणजे आडव्या ओळी वाचल्या तर पहिली आणि दुसरी ओळ एकच. असे स्तंभ आधार होऊंच शकत नाहींत. आम्हीं वही काढली. दुसऱ्या स्तंभाची दुप्पट करून तींतून पहिला वजा केला. तिसरा स्तंभ तंतोतंत हजर झाला. या हिशेबाला अर्धें मिनिटहि लागलें नाहीं. भर वर्गांत फळ्यावर चुकणें आणि पुढच्या व्याख्यानांत तें हंसतमुखानें सांगणें, यानें स्ट्रँग आमच्या लेखीं मोठेच झाले. परंतु लाल शाईंतल्या त्या 'समजलें' कडे आम्हांला पाहवेना. जें मुळांतच खोटें होतें, तें आम्हांला समजलें होतें!

एकलव्याची उपमा येथें कोणासहि सुचेल. आम्हांलाहि ती पूर्वींच सुचली होती, व तिनें आम्ही थोडे फुगलोंहि होतों. पण एकलव्याचा बाण लागला कीं चुकला, हें मातीच्या पुतळ्यानें सांगण्याची गरज नव्हती. समोरचें झाडच तें सांगत होतें. आम्हीं बाण सोडलाच नव्हता. आमचा पुतळा बोलका होता, आणि त्याच्या बोलण्यासच आम्ही आपली विद्या समजत होतों.

त्या संध्याकाळीं अण्णा कालनिर्णयावर दहाचा आंकडा लिहूं लागले, तेव्हां आमच्यानें राहवेना. आम्हीं सर्व सांगून टाकलें. अण्णा रागावले नाहींत. रागावते तर बरें झालें असतें. पेन्सिल तशीच हातांत धरून त्यांनीं विचारलें, "ताळा केला नव्हतास?"

ज्या माणसानें उभ्या आयुष्यांत ताळा जमल्यावांचून वही मिटली नाहीं, त्याचा तो प्रश्न होता. आम्ही गप्प बसलों. मग ते म्हणाले, "पहिल्यापासून मला सांग. मला कळलें, तर तुला कळलें असें धरूं."

दुसऱ्या व्याख्यानावरच आमची गाडी रुतली. एका समीकरणांतून दुसरें वजा केलें असतां उत्तर बदलत कसें नाहीं, हें अण्णांना पटेना; आणि तें पटवून देण्यास आम्हांला तीन संध्याकाळी लागल्या. पतपेढींतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर दोघेहि गणितें करूं लागलों. अण्णांची आंकडेमोड आमच्यापेक्षां शुद्ध असे. पुढें काय करावयाचें हें मात्र आम्हांला सांगावें लागे. रात्रीं दोनचा गजर बंद झाला, कारण उतरविलेलीं व्याख्यानेंच आम्हांला पुरून उरत होतीं. मार्चपर्यंत आम्ही कसेबसे आठव्यापर्यंत आलों. त्यानंतर बारावी, प्रवेश-परीक्षा, घर सोडणें. अभ्यासक्रम राहिला तो राहिलाच.

आज अशा अभ्यासांची पुष्कळ सोय झाली आहे. २०१७ पासून सरकारच्या 'स्वयम्' वर केंद्रांत जाऊन परीक्षा देतां येते, प्रमाणपत्र मिळतें. यंत्र तत्काळ बरोबर किंवा चूक सांगतें. आम्हांला तें असतें तर लाल शाईचा प्रमाद टळला असता. पण 'मला पटलें नाहीं' असें तीन संध्याकाळ म्हणत बसण्याइतका वेळ त्या यंत्राला असता कीं नाहीं, याची आम्हांला शंका आहे.

१५ मे २०२३ रोजीं, साठांहून अधिक वर्षांच्या अध्यापनानंतर, स्ट्रँग यांनीं आपलें अखेरचें व्याख्यान दिलें. ते तेव्हां अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. आम्हीं तें पुण्यास पडद्यावर पाहिलें आणि अण्णांना फोन केला. अण्णा आतां निवृत्त आहेत. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, मग म्हणाले, "तुझी ती क्रेमरची रीत कां चालते, तें शेवटीं कळलें का रे तुला?"

"तें विसाव्या व्याख्यानांत आहे, अण्णा."

"आपण आठव्यावर होतों," अण्णा म्हणाले. "रविवारीं येणार असशील तर वही काढून ठेवतों."