सोळा गेजची अट

न्यू जर्सी राज्यातील सार्वजनिक शाळांना माल विकताना सर्वांत कमी दर देणाऱ्या पात्र निविदाकारालाच काम मिळते, असा सर्वसाधारण समज आहे आणि १९७७च्या ‘पब्लिक स्कूल कॉन्ट्रॅक्ट्स लॉ’ या कायद्याचा रोखही तसाच आहे. तथापि ज्या छोट्या पुरवठादाराने या व्यवस्थेत स्वतः निविदा भरल्या आहेत त्याला हे पुरते ठाऊक असते की दराचा प्रश्न पुष्कळदा लिफाफे उघडण्याच्या आधीच, तांत्रिक अटींचा मसुदा तयार होतानाच, निकालात निघालेला असतो. प्रस्तुत लेखक एडिसनच्या परिसरात शाळांना प्रयोगशाळेचे सामान व फर्निचर पुरवण्याचा लहानसा व्यवसाय करतो, आणि पुढील विवेचन त्या व्यवसायात वाट्याला आलेल्या व आजही सलणाऱ्या एका निर्णयाभोवती फिरते.

या शाळांची खरेदी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ करते, आणि हा शाळा-जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. एका गावातील किंवा शेजारच्या काही गावांतील सरकारी शाळांचा कारभार पाहणारी ती स्वायत्त संस्था असते, तिला स्वतःचे शिक्षण मंडळ असते आणि तिच्या तिजोरीत गावातील घरमालकांच्या मालमत्ता कराचा मोठा वाटा असतो. आकाराने लहान असलेल्या या राज्यात अशा सुमारे ६०० संस्था आहेत व प्रत्येकीची खरेदी वेगळी चालते. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते, त्यामुळे मोठ्या खरेदीचे निर्णय वसंत ऋतूत होतात आणि माल उन्हाळ्याच्या सुटीत शाळेत पोचतो. खरेदीची सूत्रे ‘बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर’ या अधिकाऱ्याच्या हाती असतात. एखाद्या शिक्षिकेला एखादी वस्तू कितीही पसंत पडली, तरी तिच्या शब्दावर माल पाठवणे म्हणजे पैसे बुडवून घेणे होय, कारण ‘पर्चेस ऑर्डर’ हा लेखी खरेदी आदेश हाती आल्याशिवाय झालेला पुरवठा मंडळावर बंधनकारक ठरत नाही. आणि आदेशानुसार माल दिल्यावरही देयक मंडळाच्या मंजुरीतून जावे लागते.

खरेदीच्या पायऱ्या रकमेनुसार ठरतात. जुलै २०२० ते जून २०२५ या काळात, राज्याचे प्रमाणपत्र मिळवलेला खरेदी अधिकारी पदरी असलेल्या संस्थेसाठी जाहीर निविदेची मर्यादा ४४,००० डॉलर होती व तिच्या १५ टक्के, म्हणजे ६,६०० डॉलर, ही दरपत्रकांची मर्यादा होती. या खालच्या मर्यादेच्या आत अधिकारी आपल्या विवेकाने खरेदी करू शकत असे, दोन मर्यादांच्या मध्ये शक्यतो दोन दरपत्रके मागवावी लागत, आणि वरच्या मर्यादेपलीकडे वृत्तपत्रात किमान १० दिवस आधी जाहिरात देऊन मोहोरबंद निविदा मागवणे अनिवार्य होते. हे आकडे दर पाच वर्षांनी वाढवले जातात. पायऱ्या मात्र त्याच राहतात, आणि मर्यादा टाळण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडण्यास कायद्याने मनाई आहे.

निविदेसोबत जोडायच्या कागदांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण महाराष्ट्रात जिल्हा परिषदेची निविदा भरलेल्या कोणालाही हे सव्यापसव्य परिचयाचे वाटेल. बयाणा रक्कम मागितली असल्यास ती निविदेच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त २०,००० डॉलर असते. राज्याच्या कोषागार विभागाचे व्यवसाय नोंदणी प्रमाणपत्र लागते. कंपनीत १० टक्के वा त्याहून अधिक मालकी असणाऱ्यांची नावे जाहीर करावी लागतात, आणि हे मालकीपत्रक निविदेसोबत नसेल तर ती उणीव नंतर भरून काढता येत नाही.

खरा प्रश्न या कागदांच्या पलीकडे सुरू होतो. खरेदी करणाऱ्या संस्थेने तांत्रिक अटी अशा लिहाव्यात की खुल्या स्पर्धेला वाव राहील, आणि एखाद्या कंपनीच्या वस्तूचे नाव घ्यायचेच असेल तर त्यापुढे ‘किंवा समतुल्य’ असे म्हणावे, हा कायद्याचा दंडक आहे. येथे ज्या खरेदीचा विचार करायचा आहे ती एका माध्यमिक शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी लागणाऱ्या टेबलांची होती. अटींच्या तक्त्यात एका उत्पादकाच्या विशिष्ट मॉडेलचे नाव होते, त्यापुढे ‘किंवा समतुल्य’ हे शब्द होते आणि त्याखाली त्या मॉडेलच्या माहितीपत्रकातील वर्णन जसेच्या तसे उतरवलेले होते: इपॉक्सी रेझिनचा एक इंच जाडीचा, आम्लाला दाद न देणारा पृष्ठभाग, पायांना उंची जुळवून घेणारे गोटे, आणि १६ गेजच्या पोलादी चौकोनी नळीचे पाय. गेज हे पत्र्याची जाडी सांगणारे माप उलटे चालते, म्हणजे आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १६ गेजचे पोलाद साधारण दीड मिलिमीटर जाडीचे असते, तर १४ गेजचे साधारण १.९ मिलिमीटर. प्रस्तुत लेखकाच्या निविदेतील टेबलाचा पृष्ठभाग त्याच द्रव्याचा व त्याच जाडीचा होता आणि पाय १४ गेजचे, म्हणजे मागितल्यापेक्षा अधिक भक्कम होते.

लिफाफे मंडळाच्या सभागृहात उघडले गेले, दर मोठ्याने वाचले गेले, आणि त्यांत प्रस्तुत लेखकाचा दर सर्वांत कमी होता. निविदा उघडल्यापासून ६० दिवसांत निर्णय देण्याची मुभा कायदा देतो, त्यामुळे मध्ये काही आठवडे शांततेत गेले आणि मग पत्र आले. सोबत छाननीचा तक्ता होता. त्यात प्रत्येक अटीसमोर ‘पूर्तता’ किंवा ‘पूर्तता नाही’ असा शेरा मारलेला होता. पृष्ठभाग, मापे, रंग, हमी, पोच या सर्वांपुढे ‘पूर्तता’ असे लिहिलेले होते आणि पायांच्या ओळीत ‘१६ गेज मागितले, १४ गेज दिले, पूर्तता नाही’ एवढेच वाक्य होते. निविदा फेटाळण्याचे दुसरे कोणतेही कारण नव्हते.

अधिक जाड पोलाद हा दोष कसा ठरतो, या प्रश्नाला संबंधित अधिकाऱ्याने फोनवर सौजन्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर सर्वस्वी चुकीचे होते असे म्हणता येत नाही, हीच या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. त्याचे म्हणणे असे की अट १६ गेजची आहे, तिच्यापासून एकाला सूट दिली तर दुसऱ्या क्रमांकाचा निविदाकार न्यायालयात जाईल, आणि ‘अधिक चांगले’ व ‘वेगळे’ यांतील फरक ठरवणे हे खरेदी विभागाचे काम नव्हे. परंतु न्यू जर्सीच्या न्यायालयांनी नेमका हाच फरक करण्याची कसोटी फार पूर्वी घालून दिलेली आहे. १९७४च्या रिव्हर व्हेल प्रकरणात मांडलेली आणि १९९४च्या मेडोब्रुक कार्टिंग प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेली ही कसोटी दोनच प्रश्न विचारते: हे विचलन माफ केल्यास करार ठरल्या अटींप्रमाणे पार पडेल या हमीला बाध येतो का, आणि त्या निविदाकाराला इतरांवर अनुचित वरचढपणा मिळून स्पर्धा बिघडते का? दीड मिलिमीटरऐवजी १.९ मिलिमीटर पोलाद दिल्याने हमी कमी होत नाही. शिवाय जाड पोलाद महाग पडत असल्यामुळे ते देणाऱ्याला दरात कसलाही अनुचित फायदा मिळत नाही, उलट तो तोटा सोसूनच स्पर्धेत उतरलेला असतो. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असताना हे विचलन किरकोळ ठरवून माफ करण्याचा अधिकार मंडळाला होता. तो वापरला गेला नाही.

‘ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्ट’ या १९७५च्या कायद्यामुळे मंडळाच्या सभा जनतेला खुल्या असतात. प्रस्तुत लेखकाने ठरावावर मतदान होण्यापूर्वी, नागरिकांसाठी राखलेल्या तीन मिनिटांत, वरील मुद्दा दोन्ही नळ्यांचे कापलेले तुकडे हातात धरून मांडला. सभासदांनी ते तुकडे हाताळले, त्यांतील एकाने सर्व निविदा रद्द करून नव्याने मागवल्या तर सप्टेंबरपूर्वी टेबले लागतील का असे विचारले, आणि पुन्हा जाहिरात, पुन्हा छाननी, पुन्हा ठराव या क्रमाने ते शक्य नाही असे उत्तर आल्यावर तो ठराव इतर अनेक ठरावांच्या गठ्ठ्यात एकाच मतदानाने संमत झाला.  केवळ वेळेचा हिशेब झाला आणि काम अधिक दराच्या निविदाकाराला गेले. त्यापुढचा मार्ग ‘सुपीरियर कोर्टा’त दाद मागण्याचा होता, परंतु वकिलाचे शुल्क त्या कामातील संपूर्ण नफ्याहून अधिक होते आणि हे दोन्ही बाजूंना माहीत होते.

अशा प्रसंगी करता येण्याजोगी गोष्ट लिफाफे उघडण्यापूर्वीची आहे. तांत्रिक अटीला हरकत घ्यायची असल्यास ती निविदा उघडण्याच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी लेखी द्यावी लागते, अन्यथा ती विचारातच घेतली जात नाही. म्हणून माहितीपत्रकातून उतरवलेली अट दिसताच ‘१६ गेज अथवा त्याहून जाड’ अशी दुरुस्ती मागणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. दुसरे असे की ‘ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट’ या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली मागील वर्षांच्या निविदा, दर व छाननीचे तक्ते मागवता येतात आणि कार्यालयाने साधारणतः सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणे अपेक्षित असते. कोणती संस्था कोणत्या उत्पादकाचे माहितीपत्रक उतरवते, हे त्यावरून स्पष्ट कळते. सहकारी खरेदीचा पर्यायही आहे, ज्यात पिस्कॅटवेच्या ‘एज्युकेशनल सर्व्हिसेस कमिशन ऑफ न्यू जर्सी’सारखी संस्था एकदाच निविदा काढते व तिचे सभासद असलेले शाळा-जिल्हे वेगळी निविदा न काढता त्या करारावर खरेदी करतात, मात्र त्या करारांचा आवाका मोठा असल्याने लहान पुरवठादाराला तेथे बहुधा मोठ्या उत्पादकाचा विक्रेता म्हणूनच शिरता येते.

येथवरच्या विवेचनावरून नियमांची ही चौकट लहान पुरवठादाराच्या मुळावर उठली आहे असे वाटू शकेल, आणि त्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकाचेही तसेच मत होते. पण ते पूर्ण खरे नाही. या देशात कोणाची ओळख नसलेल्या, नाव उच्चारताना अडखळायला लावणाऱ्या एका मराठी माणसाचा व्यवसाय मुळात उभा राहिला तो दुसरे दरपत्रक मागवण्याच्या सक्तीमुळेच. अधिकाऱ्याला कोणाचे तरी दुसरे दरपत्रक हवे होते आणि ते वेळेवर, नीट भरून, सर्वांत आधी पोचले म्हणून पहिली पर्चेस ऑर्डर मिळाली. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या बाजारात ती मिळाली नसती. त्याच संस्थेला प्रस्तुत लेखक आजही काचसामान व सुरक्षा चष्मे पुरवतो, देयके वेळेवर येतात, आणि तरीही त्या प्रयोगशाळेतील टेबलांच्या निर्णयाचे समर्थन करता येईल असे त्याला वाटत नाही.

मध्य न्यू जर्सीतील शेकडो मराठी कुटुंबे याच शाळा-जिल्ह्यांत घरे घेऊन राहतात, मालमत्ता कर भरतात आणि मुलांना याच शाळांत पाठवतात. दोन दरांतील फरक त्यांच्याच खिशातून गेला. मंडळाच्या सभेची कार्यक्रमपत्रिका आधी जाहीर होते व सभा सर्वांना खुली असते. त्यांनी तेथे जावे, खरेदीचा ठराव आला की फेटाळलेल्या निविदांची कारणे विचारावीत, आणि ‘किंवा समतुल्य’ म्हणजे नेमके कोणते मोजमाप, हे अटींमध्येच लिहिले जावे असा आग्रह धरावा.