वज्रेश्वरीचं उरलंसुरलं

वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरीच्या कुंडातलं मात्र ऐन पौषातही कढतच. पावसाचं पाणी खोल मुरतं, तिथे तापतं आणि कातळातल्या भेगांतून वर येतं. कोकणपट्टीत थेट राजापुरापर्यंत अशा झऱ्यांची रांग आहे. लोक सांगतात, देवीने मारलेल्या दैत्यांचं रक्त ते.

पाणी कुठे जात नाही. त्याच्या भोवतीचं काय काय निघून चाललंय, ते टिपून ठेवतो.

देऊळ राहील. 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस बोलला, मे महिन्यात किल्ला सर झाला आणि किल्ल्याच्याच घाटाचं देऊळ उभं राहिलं. 52 पायऱ्या, दारावर बडोद्याच्या गायकवाडांचा नगारखाना. शेजारची गणेशपुरीही राहील, 1961 मध्ये देह ठेवलेल्या स्वामी नित्यानंदांच्या तिथल्या समाधीला परदेशातूनही माणसं येतात.

तानसेच्या पात्रातले झरे. पुरात बुडतात, पाणी ओसरलं की पुन्हा वाफ धरतात. पण आता पाहुणा नदीत उतरत नाही. लॉजवर फरशीच्या हौदात तोटी सोडली की झालं.

दुखणेकऱ्यांचा लांब मुक्काम. संधिवात, खरूज, नायटा. शिधा बांधून आणायचा, रोज दोन वेळा कुंडात उतरायचं, गुण येईपर्यंत हलायचं नाही. आता शनिवारी येतात, रविवारी परततात.

कात. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, रस आटवायचा, वड्या पाडायच्या. कातकऱ्यांचं नावच या धंद्यावरून. 1878 च्या जंगल कायद्यानंतर खैरावर हात टाकणं गुन्हा होत गेला आणि ज्यांच्या हातात ती कला होती ते मजूर झाले. हा अन्याय होता आणि तो अजून फिटलेला नाही.

कारवीचा कुड. कारव्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीचा गिलावा. उन्हाळ्यात घर गार. सिमेंटच्या भिंती आल्या, पावसाची गळती थांबली. ते बरंच झालं.

चौक. इथे जरा थांबायला हवं. वारल्यांच्या लग्नात सवासिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकट काढतात. बांबूची काडी टोकाला चेचली की कुंचला. चौकटीच्या कडेने नक्षी दाटत जाते आणि मधोमध उभी राहते पालघट, वनस्पतींची आणि सुफळतेची देवी. चौक लिहून झाल्याशिवाय लग्न नाही. ते लावणारी धवलेरी, बाईच. गाण्यांमधून ती देवांना मांडवात बोलावते. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी सत्तरच्या दशकात ही रेषा भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण आता रिसॉर्टांच्या आवारभिंतींवर ऑइल पेंटने जे वारली नाचतात त्यांच्यात पालघट नसते, धवलेरीचं गाणं तर नसतंच. लग्न लावायला भटजी येऊ लागले आणि धवलेरीपाशी शिकायला बसणाऱ्या मुली कमी होत गेल्या.

तारपा. वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान, सांधे बुजवायला मधमाशीचं मेण. नवं भात आलं की तो वाजायचा. मध्ये तारपेवाला, भोवती फेर, आणि फेरातल्या कुणी त्याला पाठ दाखवायची नाही. डीजेच्या ट्रकभोवती असला काही नेम नसतो.

वाघदेव. लाकडी फळीवर कोरलेला वाघ, वर सूर्यचंद्र, शेंदूर. गावाच्या शिवेवर असायचा. प्लॉट पडतात तेव्हा सात-बारावर त्याचं नाव नसतं.

देवळाचा इतिहास छापलेला मिळतो, झऱ्याच्या पाण्यात काय काय आहे तेही तपासून झालंय. या बाकीच्या गोष्टी ज्यांना येतात ती घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. कुंडांवर गर्दी असते ती नेमकी याच दिवसांत. त्यामुळे गरम पाण्याला येणाऱ्या पाहुण्याशी त्यांची गाठच पडत नाही. ज्याला हे लिहून घ्यायचं असेल त्याने पावसाळ्यात जावं, भाताची लावणी उरकल्यावर, आणि आधी म्हाताऱ्या धवलेरींकडे बसावं.